भुतांचा सातबारा

आमच्या भागातल्या भुताला पत्ता असतो. 'पालघरला एक भूत आहे' असे मोघम विधान मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही. सांगणारा आधी वाट सांगतो. चिंचणीहून तारापूरकडे निघा, खाडीवरचा पूल ओलांडा, मग अमक्याची वाडी लागेल, वाडीत विहीर, विहिरीवर ओणवलेली चिंच, आणि त्या चिंचेच्या समुद्राकडच्या फांदीवर ती बसलेली असते. ती दिसते की नाही यावर वाद होतो. फांदीवर कधी होत नाही. परगावचा एखादा पाहुणा 'मला तर रस्त्याकडच्या फांदीवर दिसली' म्हणालाच, तर ऐकणारे त्याच्याकडे कनवाळूपणे पाहतात आणि म्हणतात, 'ती वेगळी.'

जागेच्या बाबतीत मराठी भुते फार शिस्तीची. मुंजा पिंपळ सोडत नाही. समंध पुरलेल्या धनावरून उठत नाही. गिऱ्हा पाण्याबाहेर फारसा येत नाही, चकव्याला रानवाट पुरते, आणि वेताळ शिवेवर उभा राहून या सगळ्यांची हजेरी घेतो. माणसांनी बांधावरून डोकी फोडली, पण एका भुताने दुसऱ्याच्या झाडावर अतिक्रमण केल्याची तक्रार कुठल्याच गावाने केलेली नाही.

माझी आजी केळव्याची, पानवेलींच्या वाडीत वाढलेली. त्या मांडवात भर दुपारीही हिरवा, ओलसर अंधार दाटलेला असतो; तिथे लहानाची मोठी झालेल्या मुलीला रात्रीची वेगळी भीती कशाला वाटेल? ती भुतांविषयी बोलायची ते भाऊबंदांविषयी बोलावे तसे: हा कुणाचा कोण, कशाने गेला, त्याचे काय राहून गेले. भूत म्हणजे तिच्या लेखी गावचाच एक जुना रहिवासी, जरा उशिरा हिंडणारा. मुंज झाली आणि सोडमुंजीच्या आधी गेला, तो मुंजा. लहानपणी मला त्याची फार भीती वाटे. आता हिशेब करतो तेव्हा कळते की ते पोर असून असून दहा-बारा वर्षांचे असणार, आणि पिंपळाखालून जाताना त्याच्यापेक्षा त्याच्या आईचाच विचार मनात येतो.

ही सगळी मंडळी एकदा सरकारी कागदावरही आली आहेत. ए. एम. टी. जॅक्सन हे इंग्रज अधिकारी संस्कृतचे जाणकार. लोकांच्या समजुती टिपून ठेवाव्यात म्हणून त्यांनी प्रश्नावली काढली आणि ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे गेली. दिवसभर मुलांना 'भूत नसते रे' म्हणून दटावणारा एखादा मास्तर रात्री कंदिलाच्या उजेडात बसून आपल्या गावच्या भुतांची नावे, वस्तीची ठिकाणे आणि त्यांच्यावरचे उतारे वळणदार अक्षरात लिहून काढतो आहे, हे दृश्य मला फार आवडते. वरून विचारणा आली म्हटल्यावर 'निरंक' कसे कळवणार? जॅक्सन पुढे नाशिकचे कलेक्टर झाले आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. उत्तरांचे गठ्ठे मागे राहिले. आर. ई. एन्थोवेन यांनी ते हाती घेतले. कोकणच्या टिपणांचा भाग १९१५ साली निघाला आणि मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवरचे त्यांचे पुस्तक १९२४ साली. भुतांची एवढी शिस्तशीर यादी जिच्यामुळे झाली, ती प्रश्नावली काढणारा माणूस पुस्तकात उतरला तो दिवंगत म्हणून.

हे सारे पुन्हा आठवायला निमित्त झाले भाचीचे. मुंबईहून थेट विमान सुरू झाल्यापासून व्हिएतनाम आमच्या बोईसरच्याही आवाक्यात आले आहे. ती मैत्रिणींबरोबर हनोईला जाऊन आली, आणि कॉफी गाळायचे एक चिमुकले भांडे माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "मामा, तिकडे भुतांना मोबाईल देतात."

"कोण देतं?"

"घरचेच. कागदाचा असतो. जाळला की पोचतो."

"आणि चार्जर?"

ती थांबली. मग गंभीरपणे म्हणाली, "ते विचारायचं राहिलं."

मोबाईलच असे नाही. कागदी नोटा, कागदी कपडे, कागदी मोटारसायकल, ऐपत असेल तर कागदी बंगलाही. ज्याला हयातीत सायकल जमली नाही, त्याच्यामागे नातवंडे स्कूटर जाळतात. हे इतके वाढले की २०१८ मध्ये तिथल्या बौद्ध संघाला, निदान पॅगोडांमध्ये तरी हा प्रकार बंद करा, असे आवाहन करावे लागले. मला मात्र त्यात एक हळवा व्यवहार दिसला. गेलेल्या माणसाला ते काळाबरोबर चालू देतात. आपण अजून पितरांच्या नावाने छत्री आणि जोडाच देतो. आमची चिंचेवरची ती तर पांढऱ्या लुगड्यातून अजून बाहेर पडलेली नाही, आणि तिला सहावारी नेसवावी असे तिच्या पणतीच्याही मनात आलेले नाही.

भाचीच्या गोष्टींनी मला त्या देशाच्या भुतांचा नाद लागला, आणि पहिली गंमत सापडली ती पंचांगात. त्यांच्या चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यात निराधार आत्मे मोकळे सुटतात आणि पौर्णिमेच्या सुमारास त्यांना जेवू घालतात. २०२१ पासून २०२४ पर्यंत ही पौर्णिमा, फार तर एका दिवसाच्या फरकाने, आपली नारळी पौर्णिमाच होती. २०२५ मध्ये त्यांच्याकडे अधिक महिना आला आणि चंद्राने दोघांना वेगवेगळ्या तारखा दिल्या. पण ती चार वर्षे मला पुरेशी आहेत. इकडे सातपाटीच्या बंदरात मांगेले आणि कोळी नटूनथटून समुद्राला नारळ देत होते, आमचे दालदीची जाळी टाकणारे तांडेल पाण्यापुढे हात जोडून यंदाचा पापलेट मागत होते, आणि त्याच चंद्राखाली पूर्वेकडच्या दुसऱ्या समुद्राकाठी लोक दाराबाहेर मीठ, तांदूळ, लाह्या आणि पातळ भाताची पेज मांडत होते. पेज पातळ का, तर त्या उपाशी आत्म्यांचा गळा सुईच्या नेढ्याएवढा अरुंद असतो म्हणे; घास उतरत नाही. वाचताना मला वाटले, आजारी माणसाला पेज देणाऱ्या कुठल्या तरी बाईनेच हे शोधून काढले असणार. देवांची कल्पना पुरुषांनी केली असेल, पण भुताच्या घशाची चिंता करणे हे काम स्वयंपाकघरातले.

त्या देशाच्या दक्षिणेत तर हा नैवेद्य मांडून झाला की गल्लीतली मुले त्यावर झडप घालतात. पळवापळवी जितकी जास्त तितके बरे, कारण मुलांनी नेले म्हणजे आत्म्यांना पावले. आपल्याकडे हे काम एकटा कावळा करतो आणि फार भाव खातो. दहाव्याला सगळे बिऱ्हाड उन्हात ताटकळत उभे असते, आणि तो समोरच्या फांदीवर बसून चोच घासत राहतो. कावळ्याऐवजी गल्लीतली पोरे नेमली असती तर आपल्या पितरांना निदान गरम जेवण मिळाले असते.

मात्र माझ्या मनात घर केले ते 'मा दा'ने. हे त्यांच्याकडचे बुडून मेलेल्या माणसाचे भूत. २०२४ मध्ये त्याच्यावर तिकडे सिनेमाही आला. ते पाण्यात अडकून पडते, आणि त्याची सुटका एकाच मार्गाने होते: दुसऱ्या कुणाला तरी पाण्यात ओढायचे. तो आला की हे सुटते; मग तो नव्या माणसाची वाट पाहत बसतो. आमचा गिऱ्हाही पाण्यातलाच. रात्री खाडी उतरणाऱ्याला तो भुलवून खोल पाण्यात नेतो, असे आजी सांगायची. पण त्याचा केस कुणाच्या हाती लागला, तर तो केसासाठी रोज रात्री दाराशी येऊन गयावया करतो आणि सांगाल ते काम करतो. आमचा गिऱ्हा शेवटी घरगडी होतो. त्यांचा मा दा मात्र कायम ड्युटीवर.

'ड्युटी' हा शब्द उगाच आला नाही. तारापूर एमआयडीसीत ज्याने रात्रपाळी केली आहे, त्याला मा दा समजावून सांगावा लागत नाही. रसायनांच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टर चालू असताना ऑपरेटरला जागा सोडता येत नाही. पाळी संपली, सकाळचे सात वाजून गेले, तरी रिलीव्हर आल्याशिवाय निघायचे नाही. रिलीव्हरची गाडी चुकली, त्याचे पोर आजारी पडले, तो गावाला गेला तो आलाच नाही, की याची दुसरी पाळी सुरू. लाल डोळ्यांनी तो फाटकाकडे बघत राहतो. त्या वेळी समोरून येणाऱ्या सहकाऱ्याकडे तो ज्या नजरेने पाहतो, तीच नजर तळ्यातल्या मा दाची असणार. तिच्यात द्वेष नसतो. 'तू आलास, आता मी घरी जातो' एवढाच तिचा अर्थ. मला तर शंका आहे की ही कथा रचणारा कुणीतरी शिफ्टमध्येच काम करत असावा.

भटक्या आत्म्यांची व्हिएतनामी लोकांना एवढी धास्ती का, याचे उत्तर साधे आहे. घरापासून दूर मेला, त्याचे प्रेत सापडले नाही, त्याच्या नावाने घरात उदबत्ती लागली नाही, तो भटकणार. भूत होणे म्हणजे घरी न पोचणे. ही गोष्ट परक्यांनीही नीट ओळखली होती. व्हिएतनाम युद्धात, साधारण १९६९-७० च्या सुमारास, अमेरिकी सैन्याने हेलिकॉप्टरांना कर्णे बांधून रात्री जंगलावरून आवाज सोडले. मेलेल्या सैनिकाचा कातर स्वर, रडणारे पोर, मित्रांनो घरी परत जा अशी विनवणी. दहा क्रमांकाची ती टेप त्या युद्धाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ऐकणाऱ्यांपैकी कोण किती घाबरले हे सांगणे कठीण; आवाजाच्या दिशेने गोळ्या मात्र सुटत. भुतांची पगारी भरती झाल्याचे हे एक दुर्मिळ उदाहरण. आणि १९६९ सालीच, ऑक्टोबरच्या अखेरीस, इकडे तारापूरला जनरल इलेक्ट्रिकच्या बनावटीच्या दोन अणुभट्ट्यांनी व्यावसायिक तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. देशातले ते पहिले अणुवीज केंद्र. अमेरिकेने त्या एकाच सुमारास एका किनाऱ्यावर कृत्रिम भुते पाठवली आणि दुसऱ्यावर विजेचे दिवे.

विजेने भुते जातात असा समज आहे. आमच्याकडे तसे एकदम काही झाले नाही. केंद्राची चिमणी गच्चीवरून दिसत असूनही पुढे कित्येक वर्षे भारनियमन आम्हीही सोसले, आणि त्या काळात उलट भुतांची सोय झाली. त्यांना ठरलेले वेळापत्रक मिळाले. ओटीवर चटई टाकून, हाताने डास वारत, धारप आणि मतकरी यांच्या भयकथा वाचलेली आमची पिढी त्या अंधारात भुतांच्या गोष्टी सांगत आपापले घोडे पुढे दामटत असे. दिवे आले की गोष्ट अर्धवट सोडून सगळे टीव्हीकडे धावायचे आणि बिचारे भूत ओटीवर एकटेच उरायचे.

भुतांना खरा धक्का बसला तो भूसंपादनाचा. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी (चौथी २००५ मध्ये सुरू झाली आणि तिसरी २००६ मध्ये) अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. माणसांना पुनर्वसनाच्या वसाहतीत भूखंड मिळाले, आणि जे मिळाले नाही त्याची भांडणे कोर्टात गेली. भूसंपादनात झाडेही मोजली जातात. त्यांना वयाप्रमाणे आणि जातीप्रमाणे भाव मिळतो. पण चिंचेचा पंचनामा करणाऱ्या तलाठ्याने मान वर करून समुद्राकडच्या फांदीला 'कोण आहे?' असे विचारल्याचे ऐकिवात नाही. मुंजाचे नाव सातबाऱ्यावर नसते, आणि हडळीचे तर रेशनकार्डही नाही. प्रकल्पग्रस्ताचा दाखला मागायला हे लोक कुठल्या खिडकीवर जातील? उलट्या पावलांच्या बाईला रांगेत उभे केले तर पुढचे टोक कुठले आणि मागचे कुठले, यावरच कारकून हरकत घेईल.

माणसे गावातून निघाली तेव्हा त्यांनी देव बरोबर नेले. देवांची नव्या देवळात प्रतिष्ठापना होते, तशी व्यवस्थाच आहे. भुतांना नेण्याची व्यवस्था नाही. आणि नवी वसाहत म्हणजे सरळ रेषेतले रस्ते; चकव्याने तिथे काय करावे? तिथे वाट चुकायला आधी वाट वळावी लागते. वसाहतीत झाडे लावली गेली, पण नव्या झाडाला भूत धरायला दोन-तीन पिढ्या लागतात. तोवर म्हाताऱ्या माणसांना सांगण्यासारखी गोष्ट उरत नाही, कारण गोष्टीतली वाट आता कुंपणाच्या आत आहे आणि तिथे जायला पास लागतो.

हे एवढ्यावर थांबणारे नाही. बुलेट ट्रेन बोईसरला थांबणार आहे, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आणि बडोद्याकडचा महामार्ग आमच्याच रानातून जातो. वाढवणच्या बंदराला जून २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आणि ऑगस्टअखेर पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटींच्या वर. त्यासाठी समुद्रातच १,४४८ हेक्टरांचा भराव होणार आहे. त्या आकड्यापाशी मी जरा रेंगाळलो. किनाऱ्यावर कित्येक घरे अशी आहेत की ज्यांचा माणूस वल्हवत गेला आणि परतला नाही. त्यांच्यातल्या एखाद्या गिऱ्ह्याला इतक्या वर्षांनी पायाखाली जमीन लागेल. आयुष्यभर आणि मरणभर पाण्यात काढल्यावर जमीन मिळाली, आणि तीही बंदराच्या नावावर.

माणसांच्या पायाखालची जमीनही स्थिर राहिली नाही. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे छोटे छोटे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास जमिनीच्या पोटातून गडगड ऐकू येई, शास्त्रज्ञांनी यंत्रे बसवली, आणि ऐन थंडीत लोक घराबाहेर तंबूत झोपू लागले. वारली पाड्यांवर वाघोबाचा कोरीव दगड शिवेवर उभा असतो, तो रानातल्या भयापासून राखण करतो. त्या हिवाळ्यात प्रथमच रान परवडले आणि छप्पर भयाचे ठरले. ज्या काळोखाला पिढ्यान्‌पिढ्या घाबरले, त्याच्याच कुशीत लोक आसऱ्याला गेले, आणि त्याने त्यांना काही केले नाही.

बोईसरची गोष्ट आणखी वेगळी. इथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, सगळीकडची माणसे कामाला येतात. चाळीतली खोली अकरा महिन्यांच्या कराराने मिळते. एका खोलीत तिघे, पाळीपाळीने झोपणारे. गादी गरम असतानाच एक उठतो आणि दुसरा आडवा होतो. अशा खोलीत भूत धरायचे कसे? भूत होण्यासाठी आधी कुणीतरी ओळखणारा लागतो, 'अरे, हा तर अमका' म्हणणारा. इथे अकरा महिन्यांनी ओळखणारेच बदलतात. समजा एखादा बिचारा मागे राहिलाच, तर तो भोजपुरीत बोलणार, आणि आमच्या भगताला भोजपुरी येत नाही. दोघेही एकमेकांकडे पाहत बसतील. रात्रपाळीच्या चहाच्या टपरीवर आता ज्या गोष्टी चालतात, त्यांतल्या भुताला म्हणूनच नाव नसते, गाव नसते. 'कुणीतरी होता', 'मागच्या प्लांटला', 'पूर्वी कधीतरी'. आजी असती तर म्हणाली असती, ही कसली गोष्ट, याच्या आईचे नाव तरी सांगा.

नावगाव नसलेल्यांसाठी व्हिएतनामने दाराबाहेरची पेज ठेवली आहे. आपल्याकडेही सोय आहे, आपण ती विसरलो आहोत इतकेच. श्राद्धात ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड असतो, आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. जुन्या माणसांना ठाऊक होते की प्रत्येक गावात असे काहीजण असणार, ज्यांची आठवण काढण्याची जबाबदारी कुणाच्याच वाट्याला आलेली नाही, म्हणून ती सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी वाटून दिली.

मी भुते मानतो का, असे भाचीने विचारले. नाही मानत. भुताची भीती घालून लुबाडणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा कायदा आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण त्या कायद्याने भुताची आठवण काढायला मनाई केलेली नाही. भुताची गोष्ट म्हणजे त्या जागी आधी कोण राहत होते, याची तोंडी ठेवलेली नोंद. सातबाऱ्यावर जमिनीचा मालक सापडतो; त्या विहिरीत कुणाची लेक गेली, हे चिंचेवरचीलाच ठाऊक. विहीर बुजली, चिंच पडली आणि सांगणारी म्हातारी गेली, की ती मुलगी दुसऱ्यांदा जाते.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरातले कुणी वडीलधारे भुताची गोष्ट सांगू लागले, तर 'खरंच का?' असे विचारून त्यांना अडवू नका. ते भूत कुठल्या गावचे, कुठल्या झाडावरचे आणि जिवंतपणी त्याचे नाव काय होते, एवढे विचारा, आणि लिहून ठेवा.